चार इंचांची उंची, तेहेतीसचे टायर आणि आंब्याचे क्रेट

पत्र

काका, नमस्कार. देवगड तालुक्यात सड्यावर आमची हापूसची बाग आहे. गेल्या दिवाळीत मी सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतली. फोर बाय फोर आहे, १८ इंची मॅगव्हील आहेत. डांबरी रस्ता संपल्यावर बागेपर्यंत नुसता कातळ, आणि चिरेखाणीच्या ट्रकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गाडी खालून घासते. पावसाळ्यात लाल चिखलात रुतली होती, आणि एकदा कातळाने टायरची बाजूच फाटली. कोल्हापूरच्या एका दुकानदाराने चार इंचांचं लिफ्ट किट, तेहेतीस इंची मड टायर आणि बॉडीच्या बाहेर येणारे रुंद रिम सुचवलेत. गाडी दिसेल भारी, पण बाबा विचारतात, 'क्रेट चढवायला शिडी लावू का?' सीझनमध्ये बागेतून शेडपर्यंत क्रेट, अधूनमधून घाटातून कोल्हापूर, बंदरावरून मासळी, आणि कधी होडी ओढायला पुळणीवर, असा वापर आहे. काय करू? जुने रिम विकून टाकू का?
— एक तरुण बागायतदार, देवगड

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट एका छोट्या वाक्यात आली आहे: गाडी खालून घासते. पण नेमकं काय घासतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि दुकानदारानेही ते विचारलेलं दिसत नाही. तिथूनच सुरुवात करायला हवी. गाडी सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर घ्या, खालचा चिखल धुऊन काढा आणि ताजे ओरखडे कुठे आहेत ते बॅटरी लावून बघा. फूटस्टेपला असतील, मागच्या टो-हूकला असतील, इंजिनखालच्या पत्र्याला असतील, चेसिसखाली लटकणाऱ्या स्टेपनीला असतील, नाहीतर मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर भाग असतो त्या क्राऊनच्या हाऊसिंगला असतील. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

हे इतकं सांगतो कारण लिफ्ट किटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. किट बसवल्यावर उचलली जाते ती चेसिस आणि बॉडी. तुमच्या गाडीला मागे पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, बसवलेला सरळ ॲक्सल आहे. तो चाकांना धरून असतो, त्यामुळे चार इंचांचं किट लावा नाहीतर सहाचं, क्राऊनचं हाऊसिंग जमिनीपासून होतं तेवढ्याच उंचीवर राहतं. ते वर न्यायचं असेल तर एकच मार्ग, टायरचा व्यास वाढवणं. आणि तिथेही हिशोब निम्म्याने होतो: टायर दोन इंच मोठा केला की ॲक्सल एकच इंच वर जातो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला तुमचं क्राऊन घासत असेल, तर दुकानदाराने सांगितलेल्या किटचे सगळे पैसे त्या कामापुरते वाया गेले असं धरा.

फूटस्टेप घासत असेल तर तो काढा किंवा चेसिसला चिकटून बसणारा लावा. इंजिनखाली घासत असेल तर जाड लोखंडी गार्ड लावा. स्टेपनी घासत असेल तर आधी तिची साखळी बघा. खाऱ्या हवेत ती गंजते, सैल पडते आणि स्टेपनी खाली झुकते.

दुसरी गोष्ट. गाडी सेकंडहँड आहे, म्हणजे पाटे आणि पुढच्या स्प्रिंगा आधीच्या मालकाच्या हाताखाली किती बसल्यात ते आपल्याला माहीत नाही. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावून माप घ्या आणि लिहून ठेवा. मग त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी कुणाकडे असेल तर तिची मापं घेऊन ताडून बघा. डावी-उजवीत फरक निघाला किंवा मागची बाजू स्पष्ट खाली आली असली, तर तुम्हाला लिफ्टची नाही, गाडीने गमावलेली उंची परत मिळवण्याची गरज आहे. पाटे खोलून घ्या, बसलेले किंवा तडकलेले बदला, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कड्यांचे) बुश नवे टाका, थकलेले शॉकअप बदला. ओझ्याखाली दबणारी मागची बाजू नव्या पाट्यांवर पुन्हा मूळ जागी येते. ही दुरुस्ती आहे, फेरफार नाही. आरटीओला किंवा विमा कंपनीला यात काही विचारायला लागत नाही, आणि गाडीच्या चालीत जो फरक पडतो तो कुठल्याही दिखाऊ किटपेक्षा जास्त असतो. माझं ठाम मत आहे की सेकंडहँड पिकअपवर पहिला पैसा इथेच खर्च व्हायला हवा.

दुसरा पैसा टायरवर.

तेहेतीस इंची म्हणजे दुकानदार बहुधा २८५/७० आर १७ सांगत असणार. (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा डिस्कचा, म्हणजे रिमचा, व्यास इंचांत.) तुमच्या १८ इंची चाकांवर कंपनीचं माप २५५/६० आर १८ आहे, त्याचा व्यास ७६३ मिलिमीटर भरतो. तेहेतीसवाल्याचा ८३१. म्हणजे ॲक्सल ३४ मिलिमीटर वर जाणार, सव्वा इंचाच्या जरा वर. त्याच्या बदल्यात काय जातं बघा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८७ ने पळत असेल. गिअर जवळजवळ नऊ टक्क्यांनी जड होतील, तो फरक फोंडाघाट भरलेल्या गाडीने चढताना क्लचला कळेल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला किंवा चेसिसला लागणार, मग कापाकापी. चाक जड झालं की ब्रेकलाही जास्त कष्ट. आणि स्टेपनी! तेहेतीसचा टायर चेसिसखालच्या जागेत बसतो का, हे दुकानात कुणी विचारत नाही. फोर बाय फोर गाडीला चारही चाकं एकाच व्यासाची लागतात. पाचवं वेगळ्या मापाचं लावून फोर-व्हील टाकली तर पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरू बघतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. म्हणून घ्याल ते पाच टायर घ्या, पाचही एका मापाचे आणि एका नक्षीचे.

आता तुमचं खरं दुखणं: टायरची बाजू फाटणं. सड्यावरचा जांभा पावसाने झिजून वर धारदार कंगोरे काढतो. तो टायरच्या तळाला फारसं काही करत नाही, बाजूला चिरतो, आणि बाजूला गेलेला टायर पॅच मारून चालवायचा नसतो. त्याला उपाय मोठा टायर नाही. उपाय म्हणजे जाड आणि उंच बाजू असलेला टायर. २५५/६० आर १८ ची बाजू १५३ मिलिमीटर उंच असते. १८ ऐवजी १७ ची डिस्क घेऊन २६५/६५ आर १७ टाकला तर बाजू १७२ मिलिमीटर होते, आणि एकूण व्यास ७७६, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम १३ मिलिमीटर जास्त. स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, गिअर बदलल्यासारखे वाटत नाहीत, आणि कातळावर रबराची जास्त उशी मिळते. तुमच्याच गाडीचं २०१६ मध्ये आपल्याकडे आलेलं पहिलं मॉडेल २४५/७० आर १६ टायरवर यायचं, त्याचीही बाजू साधारण १७२ मिलिमीटरचीच. त्या गाड्या खराब रस्त्यावर का बऱ्या चालायच्या, त्याचं एक कारण हे आहे. लहान डिस्क घेताना ती ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, हे प्रत्यक्ष एक चाक बसवून, हाताने फिरवून बघा आणि मगच बाकीची घ्या. नव्या मापाबद्दल आरटीओत विचारण्याचं पुढे लिहिलं आहे, ते आधी वाचा.

नक्षी कुठली? मड टायर घेऊ नका. हे मी तुमच्या घाटाच्या फेऱ्यांमुळे सांगतो आहे. मड टायरचे गोटे, म्हणजे नक्षीचे उंच तुकडे, मोठे आणि लांब-लांब असतात, चिखल त्यातून फेकला जातो हे खरं. पण ओल्या डांबरावर जमिनीला टेकणारं रबर कमी पडतं आणि गोट्यांवर पाणी कापणारे बारीक कापे जवळजवळ नसतात. आषाढात गगनबावड्याच्या धुक्यात, वळणावर समोरून एसटी आली आणि ब्रेक दाबला, तर त्या क्षणी तुम्हाला बागेतला चिखल आठवणार नाही. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचा टायर, घ्या. त्यातही बाजूला तीन थरांचं कापड असलेला, खांद्यापर्यंत गोटे उतरलेला. लाल चिखलात तो मड टायरइतका चालणार नाही, थोडा भरेल. पण तुमच्याकडे फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जास्त ओढ देणारा हळू गिअर, आहे, आणि हवा थोडी कमी करता येते.

टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. मापाच्या पुढे एक आकडा आणि अक्षर असतं, समजा ११२ एस. ११२ म्हणजे त्या टायरवर १,१२० किलोपर्यंत वजन चालतं, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. तुमच्या मूळ टायरवर जो वजनाचा आकडा आहे त्याच्या खाली येऊ नका. आयएसआयची खूण बघा. शेवटी चार आकडी तारीख असते, २३२४ म्हणजे २०२४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि नक्षीच्या खाचेत जो छोटा उंचवटा असतो, टीडब्ल्यूआयचा, म्हणजे झीज दाखवणारा, तो १.६ मिलिमीटरवर असतो. कायद्याने तिथपर्यंत चालतं. आपल्या पावसात मात्र मी म्हणेन, त्याच्या बरंच आधी, मृगाच्या तोंडावर टायर बदला.

आता किट. चार इंच तुमच्या गाडीला नको, हे स्पष्ट सांगतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, विशबोन आणि कॉइल स्प्रिंगचं. ते दोन इंचांच्या पुढे उचललं की ॲक्सलच्या जॉइंटना इतका तिरका कोन येतो की रबरी बूट फाटायला लागतात, आणि एकदा बूट फाटला की आत खारं पाणी आणि लाल माती जायला वेळ लागत नाही. वरचा आर्म आणि बॉल जॉइंट आपल्या मर्यादेवर येतो, कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांचे कलते कोन, मूळ मापावर आणता येत नाहीत, टायर आतून खातो. मागे सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे पाट्याखाली ठोकळा घालणं. त्याने ॲक्सल ब्रेकच्या वेळी पिळवटतो, यू-बोल्ट (ॲक्सल पाट्याला बांधणारे बोल्ट) सैल होतात. लांब शॅकल टाकले तर वळणावर मागची बाजू झुलते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलून सेंटर बेअरिंग थरथरायला लागतं. काही पिकअपना मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, तो बॉडी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून ओझं किती आहे ते ओळखतो. तशा गाडीची मागची बाजू उंच केली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. तुमच्या गाडीला तो आहे का, हे मेकॅनिककडून बघून घ्या.

तुमच्या बाबांचा प्रश्न मला या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. चार इंच किट आणि सव्वा इंच टायर, म्हणजे हौद्याची पाटी पाच इंचांच्या वर जाणार. एप्रिल-मे मध्ये उन्हात वीस-वीस किलोचे क्रेट उचलणाऱ्या माणसांच्या खांद्याला आणि कमरेला ती उंची प्रत्येक क्रेटमागे भरावी लागेल. घरातली वयस्कर माणसं त्या गाडीत बसत असतील तर त्यांचंही तेच. आणखी एक: किटबरोबर मागे येणारे पाटे बऱ्याचदा कायमच्या जड ओझ्यासाठी बनवलेले असतात. ही किटं मुख्यतः ऑस्ट्रेलिया नि थायलंडमधून येतात, तिकडे पिकअपवर तंबू, टाक्या, विंच असं ओझं कायम चढवलेलं असतं. तसे कडक पाटे तुमच्या अर्ध्या भरलेल्या गाडीला लावले तर चाकोरीतून येताना हौदा उड्या मारेल आणि खालच्या क्रेटमधला आंबा मार खाईल. तो मार झाडावरून उतरवताना दिसत नाही, अढीत पिकताना दिसतो.

आणि किट लावलं म्हणून गाडी जास्त वजन न्यायला पात्र होत नाही. आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे माणसं धरून तुमचं ओझं. डबल कॅबिनच्या गाडीत हा फरक लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो. आरसी काढून आजच बघा.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेला तपशील आणि आरसीवरची नोंद यांच्याशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुकानदार म्हणेल की सगळे लावतात. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा दुकानदार शेजारी नसतो. म्हणून टायर-डिस्क बदलायची तर शक्यतो कंपनीने त्याच मॉडेलला कुठल्या तरी व्हेरियंटमध्ये दिलेल्या मापाच्या जवळ राहा, त्याहून वेगळं काही करायचं तर आधी ओरोसला आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पाटे-स्प्रिंगा दुरुस्त करूनही, बाजू उंच असलेले टायर टाकूनही गाडी घासत राहिली आणि आरटीओची हरकत नसली, तरच दीड इंचापर्यंतचं किट. पुढे पूर्ण स्प्रिंग-शॉकअपचा सेट, नुसता स्पेसर (स्प्रिंगवर उंची वाढवणारी चकती) नको. मागे हलक्या ओझ्यासाठीचे पाटे. नंतर अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत खाली आणून घ्या, नाहीतर अरुंद रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

रुंद, बाहेर येणारे रिम मला अजिबात पटत नाहीत. चाक हबपासून बाहेर सरकलं की बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो, स्टिअरिंग प्रत्येक खड्ड्यात हाताला झटके देतं, आणि चिखल थेट दारांवर नि आरशांवर उडतो. हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसर लावून चाक बाहेर काढणं त्याहून वाईट. तुमच्या हबला सहा नट आहेत. नव्या डिस्कच्या भोकांचं वर्तुळ जुळलंच पाहिजे, पण मधलं मोठं भोकही हबवर घट्ट बसायला हवं. ते सैल असेल तर सगळा भार नटांवर जातो. ऑफसेट, म्हणजे चाक हबच्या किती आत-बाहेर बसतं ते, मूळ चाकाच्या आसपास ठेवा. नवी चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने टॉर्क रेंच लावून नट पुन्हा आवळून घ्या.

लोखंडी की मॅग? कातळावर लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ करता येते, मॅग तडकतो. तुमच्या रस्त्याला मी लोखंडी घेईन. फक्त गंजाकडे लक्ष ठेवायला लागेल. डिस्कच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथे गंज धरला की हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाल्याला काहीच सापडत नाही. टायर बदलताना ती कड घासून, रंगवून घ्या. मॅगचाही लॅकर खरवडला की खारा वारा तिथे पांढरे फोड आणतोच.

पुळणीवर गाडी नेताना दोन गोष्टी. कित्येक किनाऱ्यांवर वाहनं घालायला बंदी आहे, आधी ग्रामपंचायतीत विचारा. आणि थंडीत तांबळडेग, वायंगणीसारख्या ठिकाणी कासवं अंडी घालतात. घरटी वाळूखाली असतात, टायरखाली काय आलं ते आपल्याला दिसतही नाही. भरतीच्या रेषेच्या वरच्या मऊ वाळूत गाडी नेऊच नका. होडी ओढायची परवानगी असेल तिथे हवा १६ ते १८ पीएसआयवर आणा, काम झालं की डांबरावर जायच्या आधी छोट्या कॉम्प्रेसरने परत भरा. कमी हवेने ओल्या डांबरावर टायर लवकर तरंगतो. कातळावर मात्र हवा इतकी उतरवू नका, बाजू फुगून बाहेर येते आणि पुन्हा तेच, चिरली जाते. नंतर गोड्या पाण्याने खालून धुवा: पाटे, यू-बोल्ट, ब्रेकच्या नळ्या. मासळी आणाल त्या दिवशीही धुवाच. क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटीतून नेमकं पाट्यांवर उतरतं आणि दोन पाट्यांच्या मध्ये साचून राहतं.

बागेचा रस्ता तुमचाच असेल तर चाकोऱ्या भरून घ्या. चिरेखाणीवरचे तुकडे ट्रॅक्टरभर मिळतात, मोठे खाली, बारीक वर, आणि पाण्याला बाजूला वाट काढा. तोपर्यंत चाकं चाकोरीत टाकून जाऊ नका. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर, दुसरी कडेला, असं सावकाश चालवा. क्राऊन वाचेल.

जुने रिम विकू नका. कुठे नवं माप अडलं तर लावायला ती चाकं घरात असलेली बरी, आणि उद्या गाडी विकायची झाली तर गिऱ्हाईक मूळ मॅगव्हील मागतंच. धुऊन, पुसून, शेडमध्ये आडवी रचून ठेवा. टायर त्यावर ठेवणार असाल तर उन्हापासून झाकून.